हाडांच्या घडणीवरचा सूक्ष्म अंकुश

कोल्हापूरच्या तालमींत जोर-बैठका मारणाऱ्या मल्लांचे दंड आणि मांड्या कुणाच्याही नजरेत भरतात. पण त्याच मेहनतीचा भार पेलताना हाडांच्या आत जे चालते, ते मला अधिक विलक्षण वाटते. हाड ही जिवंत ऊती आहे. अस्थिमज्जेतील काही मूलपेशींना चरबीची, कूर्चेची किंवा हाड बांधणारी पेशी होता येते, आणि यांतील हाडाची वाट प्रामुख्याने रनएक्स-२ हे प्रथिन खुली करते. त्याचे जनुक नसलेल्या उंदरांचा सांगाडा कूर्चेचाच राहतो, हे १९९७ मध्ये दिसून आले.

या प्रथिनावर मायक्रोआरएनएंचा अंकुश असतो. व्हिक्टर अ‍ॅम्ब्रोस आणि गॅरी रवकुन यांनी १९९३ मध्ये एका लहानशा कृमीत शोधलेले आणि २०२४ चे नोबेल मिळवून देणारे हे आरएनएचे रेणू जेमतेम २२ न्यूक्लिओटाइडांचे, म्हणजे आरएनएच्या साखळीतील दुव्यांचे, असतात. जनुकाचा निरोप नेणाऱ्या आरएनएला चिकटून ते त्यापासून प्रथिन बनू देत नाहीत किंवा तो निरोपच नष्ट करवतात. मायक्रोआरएनए-२०४ ने रनएक्स-२ ला रोखले, की मूलपेशी चरबीकडे झुकते.

मात्र अंकुश म्हणजे नेहमी अडथळाच, असे नाही. मायक्रोआरएनए-२९बी हाडाच्या निर्मितीला विरोध करणाऱ्या प्रथिनांनाच आवरते आणि पेशीची वाटचाल सुकर करते; पुढे पेशी परिपक्व होऊन खनिजे बसू लागली, की तेच कोलॅजन या हाडाला आधार देणाऱ्या प्रथिनाच्या निर्मितीलाही आळा घालते. एकाच रेणूने वेळ पाहून निरनिराळी कामे करावीत, ही या विषयातील सर्वांत सुंदर गोष्ट आहे.

व्यायामाचा संबंध येतो तो मायक्रोआरएनए-१०३ए मुळे. पेशींना ताण दिला, की त्याचे प्रमाण घटते आणि रनएक्स-२ वाढते. मागच्या पायांवर भार न पडू दिलेल्या उंदरांत नेमके उलट घडते आणि हाड विरळ होते. मल्लाच्या हाडांबद्दल थेट निष्कर्ष यावरून काढू नये, हे खरे. तरी भाराची जाणीव जनुकांपर्यंत पोहोचण्याची एक वाट येथे स्पष्ट दिसते.

अस्थिविरलतेवर या ज्ञानाचा उपयोग करताना मोठी अडचण अशी, की एकेक मायक्रोआरएनए शेकडो निरोपांवर काम करू शकते आणि त्याला शरीरभर रोखणे धोक्याचे ठरू शकते. म्हणूनच २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात मायक्रोआरएनए-२१४ ला निष्प्रभ करणारा रेणू हाड घडवणाऱ्या पेशींकडेच नेणाऱ्या वेष्टनातून देण्यात आला, आणि उंदरांमध्ये हाडाची निर्मिती वाढली.