अणुबॉम्बच्या प्रयोगशाळेतली निर्धूळ खोली

अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यात आल्बुकर्की इथे सँडिया ही प्रयोगशाळा आहे. १९४५ मध्ये ती लॉस आलामॉस या पहिला अणुबॉम्ब बनवणाऱ्या प्रयोगशाळेचा ‘झेड विभाग’ म्हणून सुरू झाली. अण्वस्त्राचा गाभा लॉस आलामॉसने घडवायचा; फ्यूज, स्फोट घडवणारी विद्युत यंत्रणा, पॅराशूट हे सारं सँडियाने, अशी कामाची वाटणी होती. १९४९ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांच्या सांगण्यावरून एटी अँड टी या टेलिफोन कंपनीने नफा न घेता तिचा कारभार हाती घेतला आणि १९९३ पर्यंत सांभाळला.

पन्नासच्या दशकात शस्त्रांचे सुटे भाग लहान होत गेले. दोन भागांमधली फट इतकी कमी झाली, की एखादा धूलिकणही यंत्र अडकवायला पुरे. त्या वेळच्या ‘स्वच्छ खोल्यां’मध्ये पोलादी भिंती, खास कपडे, व्हॅक्यूम क्लीनर असं सगळं असे. तरीही घनफुटामागे दहा लाखांच्या घरात कण सापडत. कारण फिल्टरमधून आलेली हवा खोलीभर घुसळली जायची आणि बसलेली धूळ पुन्हा उठायची. पंखा चालू ठेवून केर काढावा, तसलाच प्रकार.

विलिस व्हिटफिल्ड या भौतिकशास्त्रज्ञाने १९६० च्या सुमारास हवेची वाटच बदलली. सुमारे १० फूट लांब, ६ फूट रुंद, ७ फूट उंच खोली. फिल्टर होऊन आलेली हवा वरून संथ, समांतर थरांत उतरते आणि जमिनीच्या जाळीतून बाहेर जाते. मिनिटाला दहा वेळा खोलीतली हवा बदलते, म्हणजे वेग ताशी जेमतेम सव्वा किलोमीटर. कामगाराच्या अंगावरून सुटलेला कण इकडेतिकडे भटकण्याआधीच जाळीत जातो. मोजणीत घनफुटाला सरासरी ७५० कण आले. हजारपटीहून जास्त फरक. आकड्यांवर अनेकांचा विश्वास बसेना.

फिल्टर नवे नव्हते. हेपा हा बारीक तंतूंच्या दाट जाळ्याचा फिल्टर ०.३ मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) ९९.९७ टक्के कण अडवतो. हाच आकार मुद्दाम धरतात, कारण तो पकडायला सर्वांत अवघड असतो. मोठे कण हवेबरोबर वळू शकत नाहीत आणि तंतूंवर आदळतात. फार बारीक कण वेडेवाकडे हेलकावत तंतूंना चिकटतात. मधले कण या दोन्ही सापळ्यांतून निसटतात.

ही रचना बिघडते ती बहुधा साध्या चुकांनी. वरून येणाऱ्या हवेत रुंद, सलग पाट्याचं टेबल ठेवलं, की त्याखाली भोवरे होतात. म्हणून टेबलालाही छिद्रं ठेवतात. यंत्राची किंवा अंगाची ऊब वर चढून उतरत्या हवेला छेद देते. औषधाच्या उघड्या कुपीवर डोकं किंवा हात आला, तर त्यावरचे कण थेट आत. फिल्टर शाबूत आणि चौकटीचं सील गळकं, हा दोष तर पुनःपुन्हा आढळतो. त्यासाठी फिल्टरच्या वरच्या बाजूला बारीक तैलकणांचा धूर सोडून खालून कडेकडेने मोजणी करतात.

सँडियाच्या पुढाकाराने १९६३ मध्ये स्वच्छ खोल्यांसाठीचं अमेरिकी मानक २०९ आलं. त्यातला ‘क्लास १००’ म्हणजे घनफुटात ०.५ मायक्रॉन किंवा त्याहून मोठे जास्तीत जास्त १०० कण. आजच्या आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेच्या मोजमापात तोच ‘वर्ग ५’: घनमीटरला ३,५२० कण. पुण्यातल्या लस-कारखान्यात कुपी भरतात त्या जागेलाही हीच मर्यादा पाळावी लागते.