फ्रेंच जेवणातील चीजची फेरी

फ्रान्समधील रीतसर जेवणात मुख्य पदार्थ आटोपल्यावर आणि गोड येण्याआधी चीजची एक स्वतंत्र फेरी होते. लाकडी फळीवर किंवा ताटात वेगवेगळ्या जातींची चीज मांडून आणतात. सोबत पाव, वाइन आणि बऱ्याच घरांत हिरव्या पानांचे सॅलड असते. इंग्लंडची जुनी रीत उलटी आहे. तिथे गोड आधी येते आणि चीज पोर्ट वाइनबरोबर शेवटी. २०१० साली युनेस्कोने फ्रेंचांच्या सणासमारंभाच्या भोजनाला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. त्यातल्या वर्णनात अशा जेवणाचे किमान चार टप्पे सांगितले आहेत आणि चीज हा त्यांतला एक आहे.

ही ठरलेली जागा मात्र फार जुनी नाही. जुन्या फ्रेंच मेजवानीत पदार्थ एकेक करून येत नसत, अनेक पदार्थ एकदम मांडले जात. चीज शेवटच्या मांडणीत, फळे आणि मिठाईच्या शेजारी असे. ब्रिया-सावारँ या फ्रेंच भोजनलेखकाने १८२५ मध्ये चीजवाचूनच्या ‘देसेर’ला, म्हणजे जेवणाच्या शेवटच्या टप्प्याला, एका डोळ्याने अधू असलेल्या सुंदरीची उपमा दिली. त्यावरूनही कळते की त्याच्या काळी चीज या शेवटच्या टप्प्यातच मोडत होते. एकोणिसाव्या शतकात एकामागून एक पदार्थ वाढण्याची रशियन पद्धत रुजली आणि चीजला स्वतःचा टप्पा मिळाला. दुसरा हातभार रेल्वेचा. ब्री पॅरिसच्या पूर्वेला, जवळच तयार होते, त्यामुळे ते राजधानीत पूर्वीपासून मिळे. नॉर्मंडीचे कामांबेर मोठ्या प्रमाणावर पॅरिसला पोचले ते रेल्वेमार्ग झाल्यावर, आणि १८९० च्या सुमारास पातळ लाकडाची गोल डबी आल्यावर ते आणखी लांब जाऊ लागले. एकाच फळीवर चार प्रांतांची चीज ही कल्पना आगगाडीशिवाय अवघड होती.

या फेरीत सगळ्यात जास्त शिष्टाचार कापण्याचा आहे, आणि वरवर नखरा वाटला तरी त्यामागे साधा न्याय आहे. फळी सगळ्यांना मिळून एकच असते आणि चीजचा तुकडा आतून-बाहेरून सारखा नसतो. कामांबेर, ब्री यांसारखी मऊ चीज बाहेरून आत पिकतात. पांढऱ्या बुरशीच्या सालीखालचा थर आधी सैल आणि चवीला तीव्र होतो, गाभा बरेच दिवस आंबटसर, खडूसारखा राहतो. रोकफोर या निळ्या चीजचे वेगळे. त्याला सुयांनी भोके पाडून आत हवा खेळवतात, निळी बुरशी त्या भोकांतून पसरते. म्हणून मध्यभागी निळे दाट, तर कडेला फिकट आणि खारट.

ब्री द मो या जातीचे चाक सुमारे ३६ सेंमी व्यासाचे आणि जेमतेम तीन सेंमी जाड असते. जेवणात येते ती त्याची लांबट त्रिकोणी फोड, आणि फोडीचे टोक म्हणजे चाकाचे केंद्र. ते टोक आडवे कापून स्वतःच्या ताटलीत घेणे ही फ्रेंच टेबलावरची प्रसिद्ध आगळीक आहे. त्याला ब्रीचे नाक कापणे म्हणतात, आणि कापणाऱ्याचेही थोडेफार कापले जातेच. बरोबर रीत अशी, की फोडीच्या लांब बाजूला धरून टोकापासून सालीपर्यंत पातळ काप घ्यायचा. प्रत्येकाला गाभाही मिळतो आणि सालही. रोकफोरची फोड पंख्यासारखी कापतात. सुरी पातळ कडेच्या मध्यावर टेकवून तिथून किरणांसारखे काप काढले, की निळा भाग सगळ्यांच्या वाट्याला येतो. कामांबेरचे त्रिकोणी तुकडे करतात, वालांसे या माथा कापलेल्या पिरॅमिडचेही वरून खाली तसेच. सेंत-मोर द तुरेन या बकरीच्या दुधाच्या लांबट चीजमधून राय नावाच्या धान्याची काडी आरपार गेलेली असते. त्याच्या गोल चकत्या करतात. कोंते या कठीण चीजची फोड आधी टोकाकडून आडवी कापत जातात आणि पाठीची साल जवळ आली की उभी, नाहीतर शेवटच्या माणसाच्या हाती नुसती साल राहायची. मोंदोर हे स्प्रूस झाडाच्या सालीच्या पट्ट्यात बांधलेले चीज इतके सैल असते की ते चमच्यानेच घेतात. ते बारमाही मिळतही नाही. विक्री १० सप्टेंबर ते १० मेपर्यंतच.

फळी एकदाच फिरते. आग्रहाच्या पंगतीत वाढलेल्या मराठी पाहुण्याला हे कोरडे वाटेल. पण यजमानाने चीज पुन्हा पुढे केले, तर आधीच्या पदार्थांनी पोट भरले नाही असे सुचवल्यासारखे होते, आणि पाहुण्याने पुन्हा मागणे त्याहून वाईट. म्हणून पहिल्याच फेरीत दोन-तीन प्रकारांचे लहान तुकडे घ्यावेत. फळीवरची सुरी फळीवरच ठेवायची, आपली त्यात घालायची नाही. काट्याचा उपयोग जवळजवळ नसतो. ताटलीत चीजचा घास कापून तो पावाच्या तुकड्यावर ठेवतात. पाव हाताने मोडतात आणि कडेपर्यंत चीज थापत नाहीत. खाताना सौम्याकडून उग्राकडे जातात. आधी ताजे बकरीचे, शेवटी निळे, नाहीतर रोकफोरनंतर बाकी सगळे फिके पडते. फळीवर प्रकार विषम संख्येत असावेत असाही संकेत आहे, पण त्याला दिसण्यापलीकडे कारण सापडत नाही. तासभर आधी फ्रिजमधून बाहेर काढण्याला मात्र आहे, कारण गार चीजला वास सुटत नाही.

चीज म्हणजे रेड वाइन हा समज फ्रान्समध्येही घट्ट आहे, पण वाइनचे जाणकार बहुधा व्हाइटच्या बाजूने बोलतात. रोकफोरबरोबर गोड सोतेर्न, कोंतेबरोबर झ्युरा प्रदेशाची वां जोन ही पिवळी वाइन आणि शाविन्योलच्या बकरीच्या चीजबरोबर शेजारच्या साँसेरची वाइन या जोड्या मान्यताप्राप्त आहेत. नॉर्मंडीत कामांबेरला सफरचंदाची सायडर आणि उत्तरेत मारवाल चीजला बिअर चालते. अल्सासमध्ये मुन्स्तेर चीजवर शहाजिऱ्यासारखे दाणे भुरभुरतात. बास्क प्रदेशात मेंढीच्या दुधाचे ओसो-इराती काळ्या चेरीच्या जॅमबरोबर देतात. लोणी लावावे की नाही यावर घराघरांत मतभेद आहेत.

रोजच्या जेवणात एवढा थाट नसतो. कागदातले अर्धे कामांबेर पुढे येते, किंवा दह्यावर भागते. स्वस्त खानावळींच्या ठरावीक थाळीत ‘चीज किंवा गोड’ असा पर्याय असतो, आणि बरेच जण गोडाकडे वळतात. मोठ्या रेस्तराँमध्ये अजून चाकांची गाडी टेबलापाशी येते. गिऱ्हाईक बोट दाखवते, वाढपी कापतो आणि तुकडे ताटलीत गोलाकार, सौम्यापासून क्रमाने मांडतो. पण उघडे चीज लवकर उतरते आणि नुकसान मोठे, म्हणून अनेकांनी गाडी बंद करून आधीच मांडलेली ताटली सुरू केली आहे.

शाकाहारी पाहुण्याने एक गोष्ट विचारून घ्यावी. कोंते किंवा रोकफोरसारख्या पारंपरिक चीजसाठी दूध विरजायला वासरा-कोकरांच्या जठरातले रेनेट वापरतात. फ्रान्समध्ये यावर भुवया उंचावत नाहीत, त्यामुळे आपणहून कोणी सांगेलच असे नाही.

उरलेले तुकडे टाकत नाहीत. ल्यों आणि बर्गंडीकडे ते किसून व्हाइट वाइन आणि लसणाबरोबर घोटतात आणि बरणीत मुरवतात. ‘फ्रोमाझ फोर’ नावाचा हा उग्र लगदा भाजलेल्या पावावर लावून खातात. मुरलेल्या बरणीचे झाकण पाहुण्यांसमोर उघडण्याआधी खिडकी उघडलेली बरी.