नीट-यूजी: विषयवार गुण नेमके कुठे मोजतात? पात्रता, अर्ज आणि कागदपत्रे

नीट, म्हणजे मेडिकल प्रवेशाची देशपातळीवरची परीक्षा. तिचा निकाल लागला की पालकांचा एक प्रश्न हमखास येतो. "बायोलॉजीत ३१० आहेत, पण फिजिक्समध्ये जेमतेम ९०. कॉलेज घेईल का?" या प्रश्नामागची काळजी खरी असते. पण एखादा अपवाद सोडला तर आपल्याकडे मेडिकल कॉलेज विद्यार्थी निवडत नाही. गुणपत्रिका समोर ठेवून "याचं फिजिक्स कच्चं आहे" असं म्हणणारं तिथे कोणीच नसतं. एकूण गुणांवरून रँक लागते, रँक आणि प्रवर्गावरून गुणवत्ता यादी बनते, आणि तुम्ही भरलेल्या पसंतीक्रमातून जागा मिळते. अमेरिकेतल्या नातेवाइकांकडून वेगळं ऐकलं असेल, तर तेही खरंच आहे. तिथल्या एमकॅट परीक्षेत चार विभाग असतात, प्रत्येकाला ११८ ते १३२ गुण, आणि तिथली कॉलेजं विभागवार गुण, निबंध, मुलाखत असं सगळं बघून स्वतः निवड करतात. ती पद्धत इथे लावू नका.

तरीही विषयवार गुणांना काहीच अर्थ नाही, असंही नाही. ते ठरावीक ठिकाणी मोजले जातात आणि ती ठिकाणं माहीत असायला हवीत.

आधी पेपरची रचना. २०२५ पासून १८० प्रश्न, सगळे अनिवार्य, वेळ १८० मिनिटं. फिजिक्स ४५, केमिस्ट्री ४५, बायोलॉजी ९०. बरोबर उत्तराला ४ गुण, चुकीला १ वजा, एकूण ७२०. (२०२१ ते २०२४ या काळात प्रत्येक विषयात काही प्रश्न ऐच्छिक होते. जुने पेपर सोडवताना हा फरक लक्षात ठेवा.) म्हणजे बायोलॉजीचं वजन रचनेतच निम्मं आहे, ७२० पैकी ३६०. पण फिजिक्सचा एक गुण आणि बायोलॉजीचा एक गुण एकूणात अगदी सारखाच. फिजिक्समध्ये इतके हवेतच, अशी विषयवार किमान अट नीटमध्ये नाही.

पात्रतेची रेषाही एकूण गुणांवरच आखतात. खुला प्रवर्ग आणि ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक) यांच्यासाठी ५० वं पर्सेंटाइल, एससी, एसटी, ओबीसीसाठी ४० वं, खुल्या गटातील दिव्यांगांसाठी ४५ वं. पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत, तर परीक्षा दिलेल्यांपैकी शेकडा किती जणांना तुमच्याइतके किंवा त्याहून कमी गुण आहेत ते. २०२५ मध्ये खुल्या गटासाठी ही रेषा ७२० पैकी १४४ गुणांवर होती, त्याआधीच्या वर्षी १६२ वर. निकालपत्रावर प्रत्येक विषयासमोर वेगळं पर्सेंटाइल छापलेलं असतं. त्याचा प्रवेशाशी संबंध नाही, आणि तिन्हींची सरासरी काढून एकूण पर्सेंटाइलही येत नाही. ज्याकडे बघायचं ते दोनच आकडे: एकूण गुण आणि ऑल इंडिया रँक.

आता विषयवार गुण जिथे खरोखर निर्णायक ठरतात ती जागा, समान गुण. २०२५ मध्ये २२ लाख ९ हजारांहून जास्त मुलांनी परीक्षा दिली. वजा १८० पासून ७२० पर्यंत फार तर ९०१ वेगवेगळे आकडे होतात. सरासरी धरली तरी एकेका आकड्यावर दोन हजारांहून जास्त मुलं. त्यांच्यात पुढचा कोण, हे टायब्रेकच्या नियमांनी ठरतं. आधी बायोलॉजीचे गुण, तिथेही समान असतील तर केमिस्ट्री, मग फिजिक्स.

दोन मुली घ्या, दोघींना ५६०. पहिलीचे बायोलॉजी ३००, केमिस्ट्री १३०, फिजिक्स १३०. दुसरीचे २८०, १४०, १४०. पहिली वर, कारण तिचं बायोलॉजी जास्त. पण दुसरीला ५६१ असते, तर बायोलॉजी कितीही कमी असलं तरी तीच वर. हा नियम फक्त बरोबरीतच लागतो.

तिन्ही विषय तंतोतंत सारखे निघाले तर चुकीच्या आणि बरोबर उत्तरांचं प्रमाण बघतात. ज्याचं प्रमाण कमी, तो वर. हे प्रमाण आधी सगळ्या विषयांचं मिळून, मग बायोलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्स याच क्रमाने. बायोलॉजीत ७५ उत्तरं बरोबर आणि एकही चूक नाही, तरी ३०० गुण. ७८ बरोबर आणि १२ चूक, तरीही ३००. गुण तेच, पण बाकी सारखं असेल तर अंदाजाने खुणा न करणारा पुढे जातो. एवढं करूनही बरोबरी राहिली तर २०२५ च्या माहितीपुस्तिकेनुसार स्वतंत्र तज्ज्ञ समितीच्या देखरेखीखाली यादृच्छिक पद्धतीने क्रम लावायचा.

हा क्रम दगडावरची रेघ नाही. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२३ च्या नियमावलीत फिजिक्स आधी आणि बायोलॉजी शेवटी असा उलटा क्रम छापून आला होता. परीक्षा मात्र बायोलॉजी आधी याच क्रमाने चालली. म्हणून त्या त्या वर्षाची एनटीएची (परीक्षा घेणाऱ्या संस्थेची) माहितीपुस्तिका स्वतः उघडून वाचा. क्लासच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आलेला फोटो पुरेसा नाही.

दुसरी जागा बारावी. बारावीचे गुण गुणवत्ता यादीत धरत नाहीत, पण पात्रतेला धरतात. फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी (किंवा बायोटेक्नॉलॉजी) आणि इंग्रजी, हे विषय उत्तीर्ण असायलाच हवेत. शिवाय पीसीबी (फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी) मिळून खुल्या गटाला ५० टक्के, म्हणजे राज्य मंडळाच्या हिशेबाने ३०० पैकी १५०. मागास प्रवर्गांना ४० टक्के, म्हणजे १२०. खुल्या गटातल्या मुलाला ४५, ५० आणि ५२ मिळाले तर बेरीज १४७ होते, आणि नीटमध्ये कितीही गुण असोत, तो अपात्र ठरतो. बारावीकडे पूर्ण पाठ फिरवणाऱ्या मुलांसाठी हे मी कळकळीने लिहितोय. वयाची अट: प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरला १७ वर्षं पूर्ण. वरची मर्यादा नाही.

तिसरी जागा आपल्या पुण्यातच आहे, सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय, म्हणजे एएफएमसी. इथे विषयवार अट खरीखुरी आहे. बारावी पहिल्याच प्रयत्नात उत्तीर्ण, पीसीबी मिळून ६० टक्के, आणि इंग्रजीसह प्रत्येक शास्त्र विषयात स्वतंत्रपणे किमान ५० टक्के. दहावीला गणित हवं. उमेदवार अविवाहित हवा. नीटच्या गुणांवरून बोलावणं येतं, मग इंग्रजी आणि तर्काची ८० गुणांची लेखी चाचणी आणि ५० गुणांची मुलाखत. वेगळी नोंदणी एमसीसीच्या, म्हणजे केंद्राच्या वैद्यकीय समुपदेशन समितीच्या, संकेतस्थळावरच करायची असते. ती राहिली तर गुण असूनही बोलावणं येत नाही.

अर्ज दोन ठिकाणी करावे लागतात, आणि हे अनेकांना उशिरा कळतं. नीटचा अर्ज म्हणजे प्रवेशाचा अर्ज नव्हे. सरकारी कॉलेजांतल्या १५ टक्के ऑल इंडिया जागा, एम्स आणि अभिमत विद्यापीठं यांसाठी एमसीसी. उरलेल्या ८५ टक्के राज्य कोट्यासाठी आणि राज्यातल्या खासगी कॉलेजांसाठी महाराष्ट्राचा सीईटी सेल (राज्याची प्रवेश यंत्रणा). दोन्हीकडे नोंदणी वेगळी, शुल्क वेगळं, पसंतीक्रम वेगळा. एमसीसीकडे सरकारी जागांसाठी खुल्या गटाची अनामत १० हजार रुपये, अभिमतसाठी २ लाख. मिळालेली जागा नियम न वाचता सोडली तर ही अनामत जाऊ शकते.

राज्य कोट्यासाठी सर्वसाधारणपणे दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून, शिवाय अधिवास प्रमाणपत्र लागतं. संरक्षण दलातील किंवा बदलीच्या सरकारी नोकरीतील पालकांच्या मुलांना सवलतीचे वेगळे नियम आहेत. बेळगाव, निपाणीकडच्या विवादित सीमाभागातील मराठी मातृभाषेच्या मुलांसाठीही स्वतंत्र तरतूद आहे. तिकडच्या घरांपर्यंत ही माहिती पोचत नाही, कोणी ओळखीचं असेल तर जरूर कळवा.

कागदपत्रं अशी: नीटचं प्रवेशपत्र आणि निकालपत्र, दहावी व बारावीच्या गुणपत्रिका, राष्ट्रीयत्व व अधिवास प्रमाणपत्र, आधार, ठरवून दिलेल्या नमुन्यातलं वैद्यकीय तंदुरुस्ती प्रमाणपत्र, शाळा-कॉलेज सोडल्याचा दाखला. नाव सगळीकडे दहावीच्या गुणपत्रिकेप्रमाणेच असू द्या.

मागास प्रवर्गातून अर्ज करणाऱ्यांचं खरं अडतं ते जात वैधता प्रमाणपत्रावर (व्हॅलिडिटी). नुसता जातीचा दाखला चालत नाही. व्हॅलिडिटी नसेल तर खुल्या गटात टाकतात. काही वेळा सरकारने मुदत वाढवून दिली आहे, पण त्या आशेवर वर्ष लावू नका. अकरावीतच कॉलेजमार्फत जात पडताळणी समितीकडे अर्ज टाका. एससी, एसटी सोडून इतर मागास प्रवर्गांना नॉन-क्रिमीलेयरही लागतं आणि त्याची मुदत ३१ मार्चला संपते, म्हणून मुदत संपलेलं घेऊन गेलात तर परत पाठवतील. एमसीसीसाठी मात्र ओबीसीचं प्रमाणपत्र केंद्राच्या नमुन्यात हवं. व्हीजे, एनटी (विमुक्त जाती, भटक्या जमाती) हे गट केंद्रात वेगळे नाहीत. जात केंद्राच्या यादीत असेल तर तिथे ओबीसी म्हणूनच नोंद करायची. एसईबीसी (मराठा आरक्षणाचा राज्यातला प्रवर्ग) केंद्रात नाही. राज्याचा दाखला एमसीसीला आणि केंद्राचा सीईटी सेलला, अशी अदलाबदल दर वर्षी होते. दोन्ही कागद वेगवेगळ्या फायलींत ठेवा आणि फायलीवर मोठ्या अक्षरात लिहून टाका.