ट्रोलला उत्तर का देऊ नये आणि कधी गप्प बसू नये

ऑनलाइन मुद्दाम डिवचणाऱ्या ट्रोलकडे दुर्लक्ष करा, हा सल्ला सगळेच देतात. तो कशामुळे लागू पडतो आणि कुठे अपुरा पडतो, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. कॅनडातील मानसशास्त्रज्ञ एरिन बकल्स आणि सहकाऱ्यांना २०१४ च्या अभ्यासात असे आढळले, की ट्रोलिंगमध्ये रमणाऱ्यांत दुसऱ्याच्या त्रासातून आनंद घेण्याची वृत्ती ठळक असते. अशा व्यक्तीला आपले संतप्त उत्तर, ते कितीही मुद्देसूद असले तरी, बक्षीसच वाटते.

बक्षीस थांबले की वर्तन हळूहळू विझते, हे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांच्या प्रयोगांनी दाखवले. परंतु त्यातील दोन बारकावे फार महत्त्वाचे आहेत. बक्षीस बंद झाल्यावर वर्तन अनेकदा आधी उफाळते, आणि अधूनमधून, अनपेक्षितपणे बक्षीस मिळत राहिले तर ते सर्वाधिक चिवट होते. म्हणून नऊ वेळा गप्प राहून दहाव्या वेळी संतापाने उत्तर देणे हे, माझ्या मते, सर्वांत घातक वागणे आहे. त्यातून समोरच्याला चिकाटीच शिकवली जाते. संशोधक जस्टिन चेंग आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये वृत्तसंकेतस्थळांवरील प्रतिक्रिया तपासल्या, तेव्हा नापसंती मिळालेले लोक अधिक आणि आणखी वाईट लिहू लागल्याचे दिसले, तर ज्यांची कोणीच दखल घेतली नाही, ते निघून जाण्याची शक्यता सर्वाधिक होती.

अर्थात, प्रत्येक ट्रोल मुळातच विकृत नसतो. चेंग यांच्याच २०१७ च्या प्रयोगात ६६७ जणांनी भाग घेतला. सोपी चाचणी दिलेल्या आणि आधीच्या सभ्य प्रतिक्रिया वाचलेल्या गटात सुमारे ३५ टक्के प्रतिक्रिया ट्रोलिंगच्या होत्या. अवघड चाचणीने वैतागलेल्या आणि आधीच्या आक्रस्ताळ्या प्रतिक्रिया वाचलेल्या गटात हे प्रमाण ६८ टक्क्यांवर गेले. त्यामुळे एरवी सभ्य असणाऱ्या ओळखीच्या माणसाचा एखादाच तिरकस शेरा आला, तर एकदा शांतपणे विचारून पाहणे योग्य ठरते.

धमकी, पाठलाग किंवा खासगी माहिती उघड करणे या गोष्टींना मात्र हा हिशेब लागू होत नाही, कारण तिथे हेतू केवळ करमणुकीचा नसतो आणि गप्प राहिल्याने धोका टळत नाही. अशा वेळी आधी तारीख आणि खात्याचे नाव दिसेल असे स्क्रीनशॉट व दुवे जतन करावेत, मगच ब्लॉक करावे, कारण ब्लॉक केल्यावर तो मजकूर आपल्याला पुन्हा दिसेलच असे नाही. त्यानंतर तो पुरावा घेऊन पोलिसांकडे जावे, आणि शक्यतो विश्वासातल्या कोणाला तरी सोबत न्यावे.