मोतीबिंदू आधी रंग नेतो

"दिसतंय की मला!" सातारा जिल्ह्यातल्या माण-खटावच्या गावांत डोळे तपासणीचं शिबिर लागलं की हे वाक्य हमखास कानावर येतं. आशाताईंनी दोनदा घरी जाऊन निरोप दिलेला असतो, सून हाताला धरून घेऊन आलेली असते, आणि आजी मात्र खुर्चीत टेकता टेकताच सांगतात की आपल्याला सगळं दिसतं, पोरांनी उगाच घोळ घातलाय. मग कुणीतरी तीन मीटरवर उभं राहून बोटं दाखवतं आणि ती दोन की चार, ते आजींना सांगता येत नाही. आजी खोटं बोलत नसतात. आपल्याला दिसतंय असं त्यांना मनापासून वाटत असतं. हे कसं होतं ते समजून घेतलं पाहिजे, कारण मोतीबिंदूच्या मोफत शस्त्रक्रियांसाठी धडपडणाऱ्या मंडळींची निम्मी दमछाक या एका वाक्यापाशी होते.

डोळ्याच्या बाहुलीमागे एक भिंग असतं. रुंदी नऊ-दहा मिलिमीटर, जाडी चारेक मिलिमीटर. प्रकाश आरपार जावा म्हणून त्यात एकही रक्तवाहिनी नसते आणि आतल्या पेशींनी आपलं केंद्रकसुद्धा टाकून दिलेलं असतं. केंद्रक नाही म्हणजे नवी प्रथिनं बनवायची सोय नाही. त्वचा झडते, रक्त नवं होतं, हाडंसुद्धा हळूहळू बदलतात, पण भिंगाच्या गाभ्यातली प्रथिनं आईच्या पोटात असताना तयार झालेली असतात आणि तीच मरेपर्यंत टिकावी लागतात. ऐंशीच्या माणसाच्या भिंगाचा गाभा ऐंशी वर्षांपेक्षा थोडा जुनाच असतो. एवढ्या काळात त्यावर उन्हातल्या अतिनील किरणांचा मारा झालेला असतो, मधुमेह असेल तर साखर चिकटलेली असते, तंबाखू ओढणाऱ्याच्या डोळ्यात धुराचा परिणाम साठलेला असतो. प्रथिनांच्या गुठळ्या होतात आणि प्रकाश विखुरतो. त्याच्या बरोबरीनं, अनेकदा त्याच्याही आधी, भिंग पिवळं पडू लागतं. पुढे तपकिरी होतं. आपल्याकडे माणसं उशिरा येतात, त्यामुळे गडद तपकिरी, दगडासारखी टणक झालेली भिंगं इथल्या डॉक्टरांना नवी नाहीत.

पिवळा पदार्थ जांभळा आणि निळा प्रकाश शोषून घेतो. आपल्या दृष्टिपटलावर रंग ओळखणाऱ्या शंकूपेशी तीन प्रकारच्या असतात. त्यांतल्या दोन सुमारे ५३० आणि ५६० नॅनोमीटरच्या प्रकाशाला, म्हणजे हिरव्या-पिवळ्याच्या पट्ट्यात, सर्वाधिक प्रतिसाद देतात. तिसरी ४२० नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे निळ्या-जांभळ्याकडे. वयाबरोबर उपासमार होते ती या तिसरीची. मोतीबिंदू नसलेल्या म्हाताऱ्या डोळ्यातसुद्धा लहान मुलाच्या तुलनेत निळ्या प्रकाशाचा निम्म्याहून कमी भाग आत पोहोचतो, आणि मोतीबिंदूत तोही उरत नाही.

हे अनुभवायचं असेल तर पिवळा जिलेटिन कागद दुहेरी घडी करून डोळ्यांसमोर धरा आणि सप्टेंबरात कासच्या पठारावर उभे राहा. सोनकीचा पिवळा गालिचा जसाच्या तसा राहतो, थोडा उजळतोसुद्धा. सीतेची आसवं या फुलांचा जांभळा-निळा पट्टा मात्र मातकट होऊन गवतात मिसळून जातो. कासला जायची गरजही नाही. घरातल्या गडद निळ्या आणि काळ्या साड्या शेजारी ठेवून त्या कागदातून वेगळ्या ओळखून दाखवा.

मग इतका मोठा बदल माणसाला कळत कसा नाही? कारण मेंदू रंग मोजत नाही, तुलना करतो. बल्बच्या पिवळ्या उजेडात आणि भर दुपारच्या उन्हात धोतर सारखंच पांढरं वाटतं, वास्तविक त्यावरून येणारा प्रकाश दोन्ही वेळी वेगळा असतो. आजूबाजूचं सगळंच पिवळं झालं की मेंदू त्या पिवळ्यालाच पांढरं धरून बाकीचे रंग लावून घेतो. जिलेटिनच्या कागदाआड हे काही मिनिटांत अंशतः होतं. डोळ्यातलं पिवळेपण तर वीस-तीस वर्षांत चढतं, म्हणजे रोजचा फरक नगण्य. कालच्यासारखंच आजही दिसतं, आणि तुलनेला तरुणपणीचा डोळा शिल्लक नसतो.

त्यात आणखी एक चकवा आहे. गाभ्याच्या मोतीबिंदूत भिंग टणक झाल्यानं त्याची शक्ती वाढते, आणि चाळिशीचा चष्मा लागलेल्या माणसाला काही काळ जवळचं चष्म्याशिवाय वाचता येऊ लागतं. "नजर परत आली, आता पोथी बिनचष्म्याची वाचतो," असं कौतुकानं सांगणारे आजोबा बऱ्याच गावांत भेटतील. घरच्यांनी या कौतुकात सहभागी न होता त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यावं. ही सुधारणा टिकत नाही.

रंगांचा माणसावर परिणाम म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर वेगळंच काही येतं. गुलाबी खोलीत राग शांत होतो, निळ्या भिंतींनी मन थंड होतं वगैरे. गुलाबी खोलीची कथा १९७९ साली अमेरिकेतल्या एका नौदल कोठडीपासून सुरू झाली. कैद्यांचा आक्रस्ताळेपणा कमी झाल्याचा दावा झाला आणि जगभर कोठड्या गुलाबी झाल्या. स्वित्झर्लंडमधल्या तुरुंगात नीट तुलना करून केलेल्या, २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मात्र तसा परिणाम आढळला नाही. भिंतीच्या रंगावर देणगी उधळण्याआधी हे माहीत असलेलं बरं. रंग दिसेनासे होण्याचे परिणाम मात्र अगदी हाताला लागतात.

गॅसची ज्योत निळी असते. ती न दिसल्यानं पदर शेगडीवरून जातो. रक्तदाबाची फिकट निळी गोळी आणि साखरेची पांढरी गोळी एकच वाटते. घरच्यांनी "निळी सकाळी, पांढरी रात्री" असं शिकवून ठेवलेलं असेल तर तो शहाणपणा उलटतो. अशा घरात गोळ्या रंगावरून नाही, तर वेगवेगळ्या आकाराच्या डब्यांत ठेवायच्या. करड्या फरशीच्या पायरीची कड संध्याकाळी विरघळून जाते आणि खुब्याचं हाड मोडतं. झोपेचंही तसंच. दृष्टिपटलात काही पेशी अशा आहेत की त्या चित्र पाहण्यासाठी नसून दिवस-रात्र ओळखण्यासाठी आहेत, आणि त्यांना सर्वांत जास्त जाणवतो तो ४८० नॅनोमीटरच्या आसपासचा निळा प्रकाश. तो आत न गेल्यानं शरीराचं घड्याळ ढिलं पडतं. शस्त्रक्रियेनंतर झोप सुधारल्याचं अनेक अभ्यासांत दिसलं आहे, सगळ्यांत नाही.

फ्रेंच चित्रकार क्लोद मोने याला १९१२ साली मोतीबिंदूचं निदान झालं. पुढची दहा वर्षं तो रंगाच्या नळ्यांवरची नावं वाचून रंग घेत होता, आणि त्या काळातली त्याची बाग लाल-तपकिरी होत गेली. १९२३ साली उजव्या डोळ्यातलं भिंग काढलं, तेव्हा उलट सगळंच फार निळं दिसतं अशी त्याची तक्रार होती.

त्याच्या वेळी भिंग काढल्यावर डोळ्यात दुसरं बसवण्याची सोय नव्हती, जाड काचांचा चष्मा लागायचा. आपल्या सुश्रुतसंहितेतही शलाकेनं मोतीबिंदू बाजूला सारण्याचं वर्णन आहे, पण पुढे डोळा भिंगाविनाच राहायचा. हॅरॉल्ड रिडली या लंडनच्या डॉक्टरांनी १९४९ साली पहिल्यांदा डोळ्यात कृत्रिम भिंग बसवलं. युद्धात विमानाच्या छताचे प्लास्टिकचे तुकडे वैमानिकांच्या डोळ्यांत गेले तरी डोळा ते सहन करतो, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. ही भिंगं कित्येक वर्षं गरिबाच्या आवाक्याबाहेर होती. १९९२ साली मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाशी संलग्न असलेल्या ऑरोलॅबनं ती भारतात बनवायला घेतली आणि किंमत परदेशी भिंगाच्या छोट्याशा अंशावर आणली. परोपकार म्हणून सुरू झालेल्या कामानं बाजारभाव खाली खेचल्याचं याहून चांगलं उदाहरण मला ठाऊक नाही.

आता शस्त्रक्रिया सहसा पंधरा-वीस मिनिटांत होते, छोट्या छेदाची पद्धत असेल तर टाकाही लागत नाही. पूर्वी शाळेच्या वर्गात किंवा मांडवात शस्त्रक्रिया व्हायच्या, त्यात जंतुसंसर्गाचा धोका फार. आता तपासणी गावात आणि शस्त्रक्रिया रुग्णालयात अशी पद्धत आहे, आणि ती तशीच असली पाहिजे.

पट्टी निघते ती दुसऱ्या दिवशी सकाळी. खटावच्या एका आजींची पट्टी निघताना मी शेजारी होते. सिस्टरनं चिकटपट्टी सोडवली, ओल्या कापसानं पापणी पुसली, थेंब टाकले. आजींनी आधी ट्यूबलाइटकडे पाहिलं, मग भिंतीकडे, आणि "चुना निळा दिलाय व्हय?" असं विचारलं. मग मांडीकडे नजर गेली. अंगावर आदल्या भाऊबीजेला भाच्यानं दिलेलं पातळ होतं. भाऊबीजेला काळं दिलं म्हणून त्या वर्षभर त्याच्यावर रुसल्या होत्या, आणि दवाखान्यात काय खराब होईना म्हणून तेच नेसून आल्या होत्या. पदराचं टोक डोळ्यांजवळ धरून त्या बराच वेळ बघत राहिल्या. "ह्ये तर निळं हाय की गं बाई," म्हणाल्या, आणि सुनेला भाच्याला फोन लावायला सांगितला.

भिंत निळसर वाटणं काही आठवडे, कधी काही महिनेही चालतं. मेंदूला पांढऱ्याचा हिशेब नव्यानं मांडावा लागतो. रुग्ण घाबरतात, म्हणून हे त्यांना आधी सांगून ठेवावं. डोळा दुखायला लागला, लाल झाला किंवा दिसणं कमी झालं तर मात्र वाट न बघता त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं.

भारतात पन्नाशीपुढच्या अंधत्वाचं सुमारे दोन तृतीयांश कारण मोतीबिंदू आहे, असं २०१५ ते २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत दिसलं. शस्त्रक्रिया सरकारी रुग्णालयात मोफत होते, धर्मादाय रुग्णालयंही करतात. मग माणसं अडतात कुठे? मुलाचा रोज बुडतो. शेरडं कोण सांभाळणार, हा प्रश्न असतो. "गवऱ्या मसणात गेल्या, आता डोळे काय करायचेत," असं म्हणून विषय संपवला जातो. आणि हे म्हणण्यात बायका पुढे असतात, कारण घरात खर्चाची आणि वेळेची पाळी आली की त्यांचा नंबर शेवटचा. गरीब देशांत मोतीबिंदूची शस्त्रक्रिया पुरुषांच्या तुलनेत बायकांच्या वाट्याला कमी येते, हे वारंवार दिसून आलं आहे. शिवाय "पिकू द्या, मग काढू" हा जुना सल्ला अजून फिरतो आहे. पिकण्याची वाट बघितली तर भिंग टणक होतं आणि शस्त्रक्रिया अवघड. रोजच्या कामात अडायला लागलं की दाखवायचं.

म्हणून माझं स्पष्ट मत असं की गावात मंडप घालून स्पीकरवर पुकारा केल्यानं हे काम पुरं होत नाही. ज्याला आपलं दिसणं गेलंय हेच कळलेलं नाही, तो पुकारा ऐकून येणार कसा? घरोघर जावं लागतं, आणि "दिसतं का?" असं विचारून चालत नाही. सुईत दोरा ओवता येतो का, गॅस पेटलाय हे बघून कळतं की आवाजावरून, समोरून गाडी आली की डोळे दिपतात का, असं विचारावं. मूठमूठ धान्यावर रयत शिक्षण संस्थेची वसतिगृहं चालवलेल्या या जिल्ह्यात देणाऱ्यांची वानवा नाही. देणगी कुठे लागते तेवढं बघायला हवं. गाडीचं भाडं, सोबतीला येणाऱ्याचा बुडालेला रोज, दोन दिवस गोठ्याकडे बघणारं माणूस, एक-दीड महिना टाकायचे थेंब, आणि डोळा स्थिरावल्यावरचा चष्मा. फोटोत न येणारे हे खर्च नसतील तर मोफत शस्त्रक्रियासुद्धा महाग पडते.

ज्यांची पाळी यायला वेळ आहे त्यांच्यासाठी ऑइलपेंटचा एक छोटा डबा पुरतो. कडाप्प्याच्या किंवा करड्या पायरीच्या कडेला ठळक पिवळा पट्टा मारायचा. पिवळ्या भिंगातून पिवळा प्रकाश सहज जातो आणि गडद दगडावर तो उठून दिसतो. हाच पिवळा पांढऱ्या फरशीवर मात्र गडप होतो, तिथे गडद लाल किंवा काळा घ्यावा. निळा नको.

सगळ्यांचीच नजर परत येईल असं आश्वासन देऊ नये. काचबिंदूनं गेलेली दृष्टी परत येत नाही, मधुमेहानं दृष्टिपटल खराब झालं असेल तर भिंग बदलूनही मर्यादा राहतात. काहींना वर्षा-दोन वर्षांनी पुन्हा अंधूक दिसतं आणि "मोतीबिंदू परत आला" अशी आवई उठते. तो परत येत नसतो. नव्या भिंगामागचा पातळ पापुद्रा धुरकटतो आणि लेझरनं काही मिनिटांत मोकळा करता येतो. गावात एवढं समजावणारं कुणी नसलं की त्या एका आवईनं पुढच्या शिबिराला दहा माणसं कमी येतात.

दुसऱ्या डोळ्याचं तर बहुतेक ठिकाणी राहूनच जातं. एका डोळ्यानं भागतंय म्हटल्यावर आजी पुन्हा "दिसतंय की मला" वर येतात, पण एका डोळ्यानं अंतराचा अंदाज चुकतो आणि पायरीवरचा धोका पूर्ण जात नाही. पट्टी निघालेल्या सकाळी, माणूस समोर असतानाच, पहिल्या डोळ्याच्या नोंदीशेजारी दुसऱ्या डोळ्याची तारीख लिहून घ्यावी.