सारांश आणि अभ्यास मार्गदर्शिका: गल्लत कुठे होते?

दूरशिक्षणाच्या विद्यार्थ्यांसाठी मार्गदर्शिका लिहायला बसलेले बरेच शिक्षक प्रत्यक्षात सारांश लिहून उठतात. धड्यातले मुद्दे काढले, व्याख्या ठळक केल्या, शेवटी चार प्रश्न टाकले, की झालं. दोन्ही पुस्तकापेक्षा बारीक असतात आणि पुस्तकासोबतच हाती पडतात, म्हणून ही गल्लत होते.

सारांश उजळणीसाठी असतो. ज्याने धडा आधीच शिकलाय, त्याला तो पुरतो. मार्गदर्शिका मात्र अजून शिकायचं आहे अशा एकट्या वाचकासाठी असते. दूरशिक्षणाचे स्वीडिश अभ्यासक बोर्जे होल्मबर्ग अशा लेखनाकडे विद्यार्थ्याशी चाललेला संवाद म्हणून पाहत. वर्गात शिक्षक सहज बोलून जातो, ‘ही दोन पानं आत्ता सोडा’, ‘इथे आकृती स्वतः काढा’, ‘याला तासभर लागेल’. समोर शिक्षकच नसेल, तर हे सगळं कागदावर उतरवावं लागतं.

खरा फरक प्रश्नांत दिसतो. समजा, विषय सरासरीचा आहे. सारांश सांगेल: ‘टोकाच्या किमतीचा सरासरीवर परिणाम होतो.’ वाक्य बरोबर आहे. वाचणारा मान डोलावतो आणि पुढे जातो. मार्गदर्शिका तिथेच थांबवते: ‘चार जणांना 20 गुण आणि एकाला 95. या गटाची कामगिरी एकाच आकड्यात सांगा.’ खाली उत्तर येतं, पण नुसतं उत्तर नाही: ‘35 लिहिलंत? बेरीज-भागाकार बरोबर आहे. आता 35 च्या आसपास गुण कोणाला आहेत ते पाहा. एकालाही नाहीत. मध्यक, म्हणजे गुण चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, काढा; तो 20 येतो.’ चूक कुठे होणार हे आधीच ओळखून लिहिलेला हा प्रतिसाद मला मार्गदर्शिकेचा गाभा वाटतो. लिहायला सगळ्यात जास्त वेळ त्यालाच लागतो, आणि घाईत पहिली कात्री लागते तीही त्यालाच.

उद्दिष्टांचंही तसंच. ‘सरासरी समजून घेणे’ यावरून विद्यार्थ्याला आपलं आपण काहीच तपासता येत नाही. ‘दिलेल्या माहितीसाठी सरासरी घ्यावी की मध्यक, हे कारणासह ठरवणे’ यावरून येतं.

मार्गदर्शिकेत सारांश नसावा असं नाही. तो घटकाच्या शेवटी द्यावा, आणि त्याआधी थोडी जागा कोरी ठेवून विद्यार्थ्याला आधी स्वतःचे मुद्दे लिहायला सांगावं, म्हणजे छापील मुद्द्यांशी ते ताडून पाहता येतात.