शिकाऊ उमेदवारांचे दंगे, लंडन
सोळाव्या व सतराव्या शतकांत लंडनमध्ये कारागीर आणि व्यापाऱ्यांच्या हाताखाली धंदा शिकणाऱ्या तरुणांनी वेळोवेळी जे दंगे केले, त्यांना शिकाऊ उमेदवारांचे दंगे म्हणतात. 1563 च्या कायद्याने देशभर उमेदवारीची किमान मुदत 7 वर्षे ठरवली. तेवढा काळ उमेदवार मालकाच्याच घरी राही आणि त्याला लग्न करता येत नसे. एका व्यवसायातली, एका वयाची अशी हजारो मुले शहरात दाटीने राहत असल्याने ‘सोटे घ्या’ अशी आरोळी उठली की गल्लोगल्लीतून ती जमत.

30 एप्रिल 1517 च्या रात्री चीपसाइड भागात खेळणाऱ्या तरुणांना एका नगरपित्याने हटकले आणि या आरोळीनिशी परदेशी कारागिरांच्या वस्त्यांवर हल्ला झाला. त्याआधी ईस्टरच्या सप्ताहात परदेशीयांविरुद्ध चिथावणी देणारे प्रवचन झालेले होते. पुढे कैद्यांना गळ्यात फास अडकवून वेस्टमिन्स्टर सभागृहात आठव्या हेन्रीपुढे उभे करण्यात आले आणि त्याने त्यांना माफी दिली. मात्र त्यापूर्वीच डझनाहून अधिक जणांना देहदंड झाला होता.

या दंग्यांना निव्वळ हुल्लड म्हणणे अन्यायाचे ठरेल. जून 1595 मध्ये महागाईच्या दिवसांत सदर्कच्या बाजारात उमेदवारांनी 5 पेन्स भाव सांगितलेले लोणी ताब्यात घेतले, पण लुटले नाही, तर पौंडाला 3 पेन्स या स्वतः ठरवलेल्या भावाने विकले. त्यांना चाबकाचे फटके बसताच मात्र शहर पेटले. टॉवर हिलवरच्या जमावाला राजद्रोही ठरवून जुलैमध्ये पाच उमेदवारांना मृत्युदंड देण्यात आला.

लेंटच्या उपवासापूर्वीच्या मंगळवारी (गोव्यातला कार्निव्हल संपतो तो दिवस) कुंटणखाने व नाटकगृहे मोडण्याची जणू प्रथाच होती. 1617 साली त्या दिवशी ड्रुरी लेनमधील कॉकपिट नाटकगृह फोडले गेले. 1668 च्या ईस्टरला कुंटणखान्यांवर अनेक दिवस हल्ले चालले. त्या खटल्यात न्यायाधीशांनी असा अर्थ लावला की एखादा कुंटणखाना पाडणे हा दंगा असला, तरी सगळेच पाडायला निघणे म्हणजे राजाविरुद्ध युद्ध होय, आणि चौघांना फाशी झाली. मॅथ्यू हेल या एकाच न्यायाधीशाचे मत वेगळे पडले. उमेदवारांची ही जुनी चाल असून आजवर अधिकारी ती आवरत आले आहेत, त्यासाठी कोणाला राजद्रोही ठरवले जात नसे, असे त्याचे म्हणणे होते.